‘बुटांसह’ या शब्दाचा अर्थ

तारखा प्रथम देतो. तारखेशिवाय केलेली तक्रार म्हणजे नुसते कण्हणे.

बाहत्तरचा दसरा. आमच्या तालुक्याच्या क्रीडा समितीने लांब पल्ल्याच्या शर्यतीचे पत्रक छापले आणि त्यातील तिसऱ्या नियमात ‘बुटांसह’ हा शब्द घातला. जबाबदार: समितीचे तत्कालीन चिटणीस.

त्र्याहत्तरची संक्रांत. शर्यतीचा शेवट शाळेच्या मैदानावरून हलवून तालमीच्या आखाड्यात नेण्यात आला. जबाबदार: समितीचे तत्कालीन अध्यक्ष.

त्याच वर्षीच्या महाशिवरात्रीनंतरचा पहिला रविवार. जो इसम पहिला आला त्यास बाद ठरवून, दुसऱ्या आलेल्या इसमास पहिला जाहीर करण्यात आले. जबाबदार: वरील दोघे, आणि निकालपत्रावर मुकाट्याने सही करणारा तो दुसरा आलेला इसम. तो इसम मी.

पहिला कोण आला, एवढाच प्रश्न आहे. तो मी गेली अनेक वर्षे लेखी विचारत आलो आहे. विचारताना संताप होतो, आणि त्याच वेळी, या वयातही, तळपाय शिवशिवू लागतात. कारण ती शर्यत मी आयुष्यात धावलेली सर्वांत सुंदर शर्यत होती. एकाच दिवसाचा इतका राग आणि इतका आनंद माणसाने कोठे ठेवावा, याविषयी कोणत्याही संहितेत कलम नाही.

मी त्या काळी पाथर्डीच्या कोर्टात बेलिफ होतो. समन्स आणि नोटिसा घेऊन गावोगाव जायचे, त्या ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि परत येऊन बजावणीचा शेरा लिहायचा, हे माझे काम. एका सकाळी तिसगावकडे जाणारी एस.टी. माझ्या डोळ्यांदेखत स्टँडवरून सुटली. पुढची गाडी दुपारी होती आणि बजावणी त्याच दिवशी करणे भाग होते. मी चालू लागलो, मग झपझप चालू लागलो, आणि पहिल्या ओढ्याच्या पुढे केव्हा पळू लागलो ते माझे मलाच समजले नाही. वाटेतल्या वस्तीवरचा प्रतिवादी ओट्यावर दाढी करीत बसला होता. घामाने निथळणारा बेलिफ अंगणात धावत शिरलेला पाहून त्याचा वस्तरा हवेतच राहिला, आणि ज्या नोटिशीला एवढी घाई आहे ती भलतीच भयंकर असणार असे समजून त्याने ती न वाचताच सही केली. मी मात्र त्याच्या रांजणातले पाणी पिताना हसत होतो. छाती धडधडत होती, पोटऱ्या थरथरत होत्या, आणि परतीची एस.टी. समोरून आली तेव्हा मी तिला हात केला नाही.

त्या दिवसापासून मी रोज पहाटे पळू लागलो. सुट्टीच्या दिवशी करंजीच्या घाटापर्यंत जाऊन घाट चढून येई. लोकांना प्रथम वाटले की मी कसला तरी नवस फेडतो आहे.

पळणाऱ्याचा खरा संसार त्याच्या पायांत असतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुढील सर्व वाद त्यातूनच उद्भवला. मी आधी अनवाणी पळून पाहिले. मऊ फुफाट्यात अनवाणी पळण्यासारखे सुख नाही. पण आमच्या भागात फुफाट्याखाली बाभळीचा काटा असतोच, आणि काटा मोडला की बेलिफाचे चार दिवस जातात. मग टायरच्या चपला. त्या काट्याला दाद देत नसत, मात्र दर पावलाला टाचेवर असा फटका मारीत की मागून कोणी टाळ्या वाजवीत येत आहे असा भास होई. शिवाय त्या जड होत्या. किती जड, हे अंदाजाने ठरवणे मला पटेना, म्हणून शेजारच्या किराणा दुकानातून तागडी मागून आणली आणि एका पारड्यात टायरची चप्पल व दुसऱ्यात नगरच्या कापडबाजारातून आणलेला कॅनव्हासचा पांढरा बूट घालून ओसरीवर वजन करीत बसलो. बायको चुलीपाशी रेशनवरच्या मिलो या परदेशी धान्याच्या लाल भाकरी थापत होती. त्या वर्षी ज्वारी कोठली मिळायला.

“अहो, तागडीत बसवलंत, आता देव्हाऱ्यात तेवढं बसवायचं राहिलं,” ती म्हणाली. “आणि दुकानदाराला तागडी देताना सांगा हो कशाला नेली होती ते. उद्या त्याच पारड्यात गूळ घालून देईल आपल्याला.”

मी तागडी धुऊन परत केली, याची नोंद असावी. पाणी दुर्मीळ असतानाही धुतली.

बूट जिंकला. कापडाचा, रबरी तळाचा, चार भोकांचा साधा बूट. दुकानात माझ्या मापाचा नव्हता, म्हणून एक नंबर मोठा घेतला होता आणि चवड्यात कापूस भरला होता. तिसगावच्या बाजारात झाडाखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चांभाराकडे मी तो जोड नेला आणि पळताना टाच निसटते असे सांगितले. त्याने बूट हातात घेऊन वाकवला, वास घेतला आणि मग माझ्याकडे पाहिले.

“सायेब, ह्यो बूट शाळंतल्या पोरास्नी कवायतीला. तुमी ह्याच्यावर घाट चढताय?”

मी होय म्हणालो.

“मग बुटापरीस तुमचं टकुरंच दुरुस्तीला टाकाया पायजे,” असे म्हणून तो कामाला लागला. त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून टाचेभोवती आतून शिवला, तळाला पातळ रबराचा दुसरा थर डकवला, आणि नाडी अशी बांधून दिली की ती सुटणे शक्य नव्हते. गाठीवर गाठ, आणि त्यावर उरलेले टोक आत खोचलेले. मी बाजारातच दोन फेऱ्या पळून पाहिल्या. भाजीवाल्या बायका हसल्या. बूट पायाला असा बिलगला होता की मला नवीन पाय फुटल्यासारखे वाटले.

बाकीचे सामान किरकोळ. जुन्या खाकी पँटचे पाय गुडघ्यावर कापून चड्डी केली. कमरेला आतून एक खिसा शिवून घेतला. त्यात गूळ-शेंगदाणे, आणि पुढे दुष्काळी कामावर मुलांना व बायकांना वाटायची ती सुकडी, कोणी मूठभर दिली तर. बनियन रोज धुण्याइतके पाणी घरात नव्हते. ती दोरीवर वाळवून झटकायची. तिच्यावर मिठाचे पांढरे डाग पडत आणि बायको ती दोन बोटांनी उचलून लांब धरी.

अशा वेळी ते पत्रक आले. तिसगाव ते पाथर्डी, सडकेने. पहिल्या येणाऱ्या एकाच इसमास जिल्ह्याच्या संघातून पुण्याच्या मोठ्या शर्यतीसाठी पाठवण्यात येईल. एकाच इसमास. मी ते वाक्य कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहून इतक्या वेळा वाचले की शिरस्तेदारांनी विचारले, कोणाची बदली झाली काय. तिसरा नियम असा होता: ‘प्रत्येक स्पर्धकाने बुटांसह धावावे. बुटांविना येणारा स्पर्धक बाद समजला जाईल.’ चिटणिसांचा हेतू उघड होता. नगरहून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यापुढे अनवाणी खेडूत पळताना दिसू नयेत असे त्यांना वाटत होते. समन्समधील स्वल्पविरामावर वाद घालणारा मी, पण माझे बूट तयार होते, म्हणून तो नियम मी दुसऱ्यांदा वाचलाच नाही.

आता त्या बाद ठरवलेल्या इसमाविषयी, जो वास्तविक पहिला आहे.

तिसगावच्या सडकेवर त्या हिवाळ्यात दुष्काळी काम सुरू होते. दुतर्फा खडीचे ढीग आणि त्या ढिगांवर बसून हातोडीने दगड फोडणारी शेकडो माणसे. सगळे कास्तकार, ज्यांच्या रानात त्या साली काही उगवलेच नव्हते. मी सकाळी तेथून पळत जाई तेव्हा हातोड्या क्षणभर थांबत. एके दिवशी एका ढिगावरून माझ्यापेक्षा थोडा लहान, काटक, रुंद पावलांचा एक गडी उठला आणि हातोडी टाकून माझ्या बाजूने अनवाणी पळू लागला.

“सायेब, मागं कोन लागलंय?” त्याने पळता पळता विचारले.

कोणी नाही, असे मी सांगितले.

“मग पुढं कोन हाय?”

पुढेही कोणी नाही म्हटल्यावर त्याने मान डोलावली, पाय उचलला, आणि पुढच्या पुलापर्यंत माझ्या आधी पोहोचून कठड्यावर बसून राहिला. त्याचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. आणि खरे सांगतो, मला हेवा वाटण्याआधी आनंद झाला. इतके दिवस मी एकटाच वेडा होतो.

त्यानंतर महिनाभर, कामाचा भोंगा होण्याआधी, आम्ही त्या पट्ट्यात बरोबर पळत होतो. तो मला ‘सायेब’ म्हणणे सोडत नसे आणि मला मागे टाकणेही सोडत नसे. शर्यतीची हकीकत मीच त्याला सांगितली. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून पत्रक मी खिशातून काढून ढिगावर बसून वाचून दाखवले. तिसऱ्या नियमापाशी त्याने मला थांबवले.

“बुटांसह म्हंजी?”

मी उत्तर दिले. ते उत्तर मी नेमक्या शब्दांत येथे नोंदवतो, कारण सर्व प्रकरणाचा पाया तेच आहे. मी म्हणालो, “म्हणजे बूट असायला हवेत.”

घालायला हवेत, असे मी म्हणालो नाही. असायला हवेत, असे म्हणालो. तो थोडा वेळ आपल्या पावलांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांकडे एक जोड हाय, मागून बघतो.

रविवार उजाडला. तिसगावच्या वेशीत आम्ही वीस-बावीस जण रांगेत उभे होतो. चिटणीस वाकून प्रत्येकाचे पाय तपासत होते. माझ्या गड्याने मास्तरांचे काळे बूट चढवले होते. त्याची रुंद पावले त्यांत कशीबशी कोंबलेली होती आणि तो घरच्यांनी हट्टाने नटवलेल्या नवरदेवासारखा अवघडून उभा होता. मला पाहून त्याने डोळे मोठे केले. शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो.

तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. हवेत गारवा होता, ऊन कोवळे होते, सडक कोरडी ठणठणीत. पहिल्या मैलातच गर्दी विरळ झाली. मागे वळून पाहिले तर माझा गडी एका खडीच्या ढिगाशी खाली बसलेला दिसला. बूट चावला असणार, असे वाटले. वाईट वाटले आणि, कबूल करतो, सुटकेचा श्वासही टाकला. पुण्याला एकच जाणार होता.

रविवार असूनही दुष्काळी कामावरची माणसे शर्यत पाहायला आपापल्या ढिगांवर येऊन बसली होती. आम्ही जवळ आलो की ती हातोड्या दगडांवर आपटू लागत. टण्-टण्-टण् असा तो नाद पुढच्या ढिगाकडे जाई, तेथून त्याच्या पुढच्या, आणि आम्ही जणू त्या आवाजाच्या मागे धावत होतो. एका बाईने पितळी तांब्या पुढे धरला. त्या साली पाण्याचा तांब्या परक्या माणसासमोर धरणे ही लहान गोष्ट नव्हती. मी ओठ ओले केले आणि तांब्या परत केला. ती ओरडली, “आरं पी की समदं, मला कुटं पळायचंय!” ढिगावरची माणसे हसली आणि त्या हशाने माझ्या पायांत आणखी बळ आले.

निम्म्या वाटेवर मी आघाडीवर होतो. आणि तेव्हा मागून आवाज ऐकू येऊ लागला. पावलांचा नव्हे. टप्, टप्, टप्, असा काहीतरी कोरडे आपटल्याचा, पावलांच्या ठेक्याशी न जुळणारा. मला वाटले, दोघे जण येत आहेत. मी वेग वाढवला, आवाजही वाढला. मान वळवून पाहिले: माझा गडी, अनवाणी, आणि मास्तरांचे बूट नाड्यांनी एकमेकांना बांधून गळ्यात घातलेले. ते त्याच्या छातीवर डावे-उजवे आपटत होते. तो हसत होता. मीही हसलो. शेवटचे दोन-अडीच मैल आम्ही असे पळालो की त्याची छाती वाजत होती आणि माझी आतून वाजत होती. कधी मी दोन हात पुढे, कधी तो. आयुष्यात असे सुख मला पुन्हा मिळालेले नाही. त्या क्षणी कोणी विचारले असते तर पुणे म्हणजे काय ते मला सांगता आले नसते.

गावात शिरलो तेव्हा मी पंधरा-वीस पावले पुढे होतो. गल्लीच्या वळणावर त्याच्या पायाखाली खडी आली होती आणि तो क्षणभर लंगडला होता. तालमीच्या दरवाजातून मी आत वळलो, आणि समोर पाहून माझे पाय जागीच थांबले.

शेवट तालमीत आहे हे ठाऊक होते, पण सुतळी बाहेर अंगणात असेल असे मी धरून चाललो होतो; ती आखाड्याच्या आत बांधली होती. तांबड्या मातीच्या पलीकडे.

जो तालमीत वाढलेला नाही त्याला हे समजणार नाही. त्या मातीत ताक, तेल, हळद मुरवलेली असते. मारुतीला हात जोडून, ती कपाळाला लावून मगच तिच्यात पाऊल टाकायचे, आणि पायात काही असेल तर दरवाजाबाहेर. मी लहानपणापासून त्याच आखाड्यात लोळलो होतो. चपलेने त्या मातीला स्पर्श केला म्हणून एका मोठ्या पैलवानाला वस्तादांनी आठवडाभर तालमीचा दरवाजा बंद केलेला मी पाहिला होता. अध्यक्षांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पाहुण्यांच्या खुर्च्यांना तेथे सावली होती, एवढेच त्यांनी पाहिले. एका नियमाने बूट सक्तीचे, दुसऱ्या रिवाजाने बूट निषिद्ध, आणि दोन्हींचे पालन केल्याशिवाय शर्यत संपत नाही. असा हुकूम एखाद्या न्यायाधीशाने काढला असता तर अपिलात एका सुनावणीत उडाला असता.

मी विचार केला नाही. खाली बसलो आणि नाडीला हात घातला. चांभाराची गाठ होती ती. घामाने भिजून दगड झाली होती. नखे मोडली, दात लावले. एक बूट सुटला, दुसरा सुटेना. तेवढ्यात टप्-टप् माझ्या खांद्यावरून पुढे गेले. त्याने मातीच्या काठाशी क्षणभर वाकून चिमूट कपाळाला लावली, धावत आत शिरला, आणि सुतळी छातीवर घेऊन पलीकडे गेला. बूट गळ्यात होतेच. मी दुसरा बूट ओढून काढला, दोन्ही हातांत धरले, माती कपाळाला लावली आणि त्याच्या मागोमाग गेलो.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतले होते. चिटणिसांनी हात वर करून सर्वांना गप्प केले आणि नियम तीन वाचला. पहिला आलेला स्पर्धक बुटांविना धावला आहे, सबब बाद.

“बुटं हायेत की,” माझा गडी खांद्यावरून म्हणाला आणि गळ्यातला जोड उचलून दाखवला.

चिटणीस म्हणाले, बुटांसह याचा अर्थ बूट घालून.

आमचे वस्ताद ओट्यावर बसले होते. ते सावकाश बोलले. “चिटणीस, माझ्या पोरीच्या लग्नाला तुमी वहिनींसह आलता. मग काय वहिनींना पायात घालून आलता?”

सगळी तालीम हसली. पाहुणेसुद्धा हसले. चिटणीस मात्र लालबुंद झाले, आणि जो माणूस हशात हरतो तो कागदाला चिकटून बसतो. नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार समितीचा आहे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा माझ्या गड्याने खाली उतरून माझ्याकडे बोट केले.

“ह्या सायबांनी वाचून सांगितलं मला. बुटं असाया पायजेत, असं. इचारा त्यास्नी. कोरटातलं हायेत.”

चिटणिसांनी मला विचारले, “तुम्ही याला असे सांगितलेत?”

सर्वजण माझ्याकडे पाहत होते. माझ्या हातात माझे दोन्ही बूट होते. सांगायला दोन वाक्ये पुरेशी होती: होय, मी सांगितले; आणि तुमच्या अर्थाने पाहिले तर सुतळी ओलांडताना माझ्याही पायांत बूट नव्हते, म्हणजे मीही बाद. त्या एका रविवारी मी पहिला ठरेन असा त्या नियमाचा कोणताही अर्थ अस्तित्वात नव्हता. घालून म्हणा, दोघेही बाद. घेऊन म्हणा, दोघेही पात्र आणि तो पहिला. हे मला तेथल्या तेथे, घाम पुसण्याआधी समजले होते. आणि पुणे मला हवे होते.

मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

साक्षीदारांच्या पिंजऱ्यातून हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले होते, आणि ते उच्चारणारा माणूस नेमके काय करीत असतो हे मला कोर्टातल्या कोणाहूनही चांगले ठाऊक होते. माझ्या गड्याने माझ्याकडे एकदा पाहिले. रागाने नव्हे, पुलाच्या कठड्यावर बसून माझी वाट पाहायचा, तसे. मग बूट गळ्यातून काढून, मास्तरांना परत द्यायचे म्हणून, त्यांच्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसू लागला. निकालपत्र माझ्यापुढे आले. मी सही केली.

पुण्यास मी गेलो, धावलो. तेथे सगळेच बूट घातलेले होते आणि मैदान इतके सपाट होते की मला वाट सापडेना. किती जणांनी मला मागे टाकले हे मी मोजले नाही. मोजायला बराच वेळ लागला असता.

परत आल्यावर आठवडाभर मी त्या सडकेने गेलो नाही. मग गेलो. तो ढिगावर होता. मला पाहून हातोडी ठेवून उठला आणि नेहमीप्रमाणे बाजूने पळू लागला. मी मनाशी जुळवलेली माफी बोलायला लागलो तर म्हणाला, “सायेब, पळताना बोलू नगा, दम जातो.” पुलापर्यंत आम्ही गेलो. तो आधी पोहोचला. तेथे त्याने विचारले, “पुन्याला कोन हुतं संगं?” मी म्हणालो, कोणी नव्हते. “मग काय मजा,” तो म्हणाला, आणि परत फिरला.

त्या रात्रीपासून नव्हे, दुसऱ्या दिवसापासून, कार्यालयीन वेळेत, मी पत्रे लिहू लागलो. पहिल्या पत्रात मी माझा जबाब मागे घेतला, खरा जबाब दिला आणि निकाल दुरुस्त करण्याची विनंती केली. उत्तर आले नाही. पुढे चिटणीस बदलले, अध्यक्ष बदलले, समितीचे नाव बदलले, आता जिल्ह्याचेही नाव बदलले. मला मिळालेली उत्तरे मी जपून ठेवली आहेत. एकात म्हटले आहे की बाब फार जुनी आहे. दुसऱ्यात म्हटले आहे की संबंधित दप्तर आढळत नाही. एका सुशिक्षित चिटणिसांनी तर मलाच सल्ला दिला की विजेत्यानेच निकालावर आक्षेप घेण्याची तरतूद नियमात नाही, तरी आपण आनंदात राहावे. आनंदात! त्या पत्राला मी अकरा पानी उत्तर दिले. अकराही पानांत एकच युक्तिवाद आहे, कारण युक्तिवाद एकच आहे.

गेल्या महिन्यात समितीने तालमीच्या भिंतीवर एक फरशी बसवली आहे. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत शर्यतीचे आजवरचे सर्व विजेते, आणि सर्वांत वर माझे नाव. नातवाने मोबाईलवर फोटो काढून कौतुकाने मला दाखवला. मी काठी घेऊन गेलो आणि समक्ष पाहिले. दगडात कोरलेले खोटे पहिल्यांदाच पाहिले, आणि ते माझ्या नावाचे होते.

तो अजून हयात आहे. त्याच्या गावी, लेकाच्या घरी असतो. गुडघे गेले आहेत. फरशीविषयी त्याला मीच जाऊन सांगितले. तो हसला आणि म्हणाला, ऱ्हाऊ द्या सायेब, दगड फोडायचं काम आता कोन करनार. तो सोडून देईल. मी सोडणार नाही, कारण सोडण्याचा अधिकार ज्याचे घेतले गेले त्याला आहे. ज्याने घेतले त्याला नाही.

सबब समितीच्या विद्यमान चिटणिसांना, आणि त्यांच्या वतीने सही करणाऱ्या प्रत्येकाला, माझी या लेखाद्वारे मागणी आहे. पत्राने उत्तर देऊ नका. पत्रे माझ्याकडे पुष्कळ आहेत. येत्या शर्यतीच्या दिवशी, स्पर्धक रांगेत उभे राहण्याआधी, त्या फरशीसमोर उभे राहा आणि ध्वनिक्षेपकावरून एवढेच सांगा: ‘बुटांसह’ या शब्दाचा असा कोणता अर्थ तुम्ही लावता, ज्या अर्थाने त्या रविवारी मी पहिला आलो? तो अर्थ सर्वांसमक्ष सांगा. नसेल, तर तेही सर्वांसमक्ष सांगा, आणि माझे नाव जेथे आहे तेथे कोणाचे हवे तेही. त्याला मी बरोबर घेऊन येईन. आम्ही दोघे पहिल्या रांगेत बसलेले असू.